आबांची अटक

फोन वाजला की आबा उठून उभे राहायचे. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावायचे, घसा साफ करायचे आणि मग फोन कानाला लावून म्हणायचे, "बोला. पण आधी गाव सांगा."

नाव ते कधी विचारत नसत. नाव कोणीही काहीही ठेवतं, गाव कळलं की माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं. आयुष्य एसटीत गेलेलं. धुळ्याच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. त्यामुळे कोणी दोंडाईचा म्हटलं, की आबा लगेच तिथे जाणारी गाडी, ती कुठे थांबते आणि शेवटच्या सीटवर किती हादरे बसतात, ते सांगून मोकळे होत. निवृत्त झाले, पत्नी गेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला राहायला गेली. मग आबांकडे येणारं-जाणारं असं उरलं ते बहुतेक फोनवरूनच.

देवपुरातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि माझं घर समोरासमोर. मी ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी आणि आबांची खुर्ची त्यांच्या दाराशी, त्यामुळे त्यांचं प्रत्येक बोलणं मला ऐकू यायचं.

तुम्हालाही तसले फोन येत असतील. तुमचा नंबर बंद होणार, तुमची लाईट कापणार, तुम्हाला बक्षीस लागलं. आपण दोन शब्द ऐकतो आणि ठेवून देतो. आबांना ते जमत नसे. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांना वाटे.

एकदा एक रेकॉर्ड केलेली बाई त्यांना सांगत होती, की तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. आबांनी तिला गाव विचारलं. बाईने पुन्हा नऊ दाबायला सांगितलं. आबांनी पुन्हा गाव विचारलं. बराच वेळ हे चाललं. शेवटी बाईच गप्प झाली. आबा मला म्हणाले, "बाई बोलते छान. पण कोणाचं ऐकून घेत नाही. सासरी जड जाईल तिला."

लाईट कापायची धमकी देणाऱ्याला त्यांनी सांगितलं, "या की. तशीही सकाळपासून गेलेलीच आहे. आलात की नीट बघून जा, आणि चहा घेऊन जा." फोन त्या माणसानेच ठेवून दिला.

बक्षिसात मोटार लागल्याचा फोन आला त्या दिवशी तर त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. मोटार कुठे उभी करायची यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं मंदिरापाशी, कोणी म्हणालं नळाजवळ. आबांनी दोरी आणून वळण मोजलं आणि फोनवरच्या माणसाला नम्रपणे कळवलं, "गल्लीत वळत नाही हो गाडी. तुमचा मान राहिला. आता ती पुढच्या माणसाला देऊन टाका."

मग एका सकाळी मी खिडकी उघडली तर आबा आत खुर्चीवर ताठ बसलेले. इस्त्रीचे कपडे, केस विंचरलेले, समोर स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि त्याला टेकवून ठेवलेला फोन. मी हाक मारली तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला अटक झाली आहे."

"कोणी केली?"

"मुंबईच्या साहेबांनी. फोनवरूनच केली."

मी आत जाऊन पाहिलं. फोनमध्ये खाकी कपड्यातला एक माणूस, मागे पडदा आणि पडद्यावर कसलंसं चिन्ह. तो हिंदीत सांगत होता, की आबांच्या नावाने परदेशात एक पार्सल निघालं होतं, त्यात अंमली पदार्थ आणि खोटे पासपोर्ट सापडले. चौकशी पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कोणाला काही सांगायचं नाही.

"कोणाला सांगू नका म्हणतात," आबा मला म्हणाले, आणि फोनकडे वळून खुलासा केला, "साहेब, ही समोरची आहे. घरचीच समजा."

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आबा, हे फसवणारे लोक आहेत. ठेवा तो फोन."

"फसवायचं असतं तर एवढा वेळ दिला असता का? सकाळपासून बसलेत माझ्यासमोर. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी."

"तुम्ही पाठवलंय का पार्सल?"

"मी तेच सांगतोय त्यांना. आपल्या स्टँडवरून पार्सल जातं ते सुरत, नाशिक. परदेशात आपली गाडीच नाही."

हसू येईल असंच सगळं होतं. पण सरळच असलेला तांब्या ते पुन्हापुन्हा सरळ करत होते, ते मी पाहिलं. ज्या माणसाने कधी बिनतिकीट कोणाला बसू दिलं नाही, त्याच्यावर हा आरोप होता. फोन हिसकावून घेतला असता तर त्यांना वाटलं असतं, की आता आपण फरारी झालो.

कोणाला सांगायचं नाही म्हटल्यावर तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं. अटकेतल्या माणसाला बाहेर जाता येत नाही, म्हणून लोक डबे घेऊन आले. कोणी कळण्याची भाकरी आणली, कोणी भरीत. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या अक्का शेवभाजीची वाटी घेऊन आल्या, फोनमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "हाऊ कोन शे?"

"पोलीस शे, अक्का," आबा म्हणाले.

"मंग त्याले जेवन ईचारं का नही?"

आबांनी विचारलं. साहेब ओरडला, "कॅमेरे के सामने कोई नहीं आएगा." तेवढ्यात त्याच्या पडद्यामागे कुकरची शिट्टी झाली. आबांनी कान टवकारले. दुसरी शिट्टी झाली तेव्हा ते काळजीने म्हणाले, "साहेब, तुमचा भात होतोय. गॅस बंद करून या. मी इथेच आहे, कुठे पळत नाही."

साहेब खरंच उठला आणि जाऊन आला.

दुपारी हुकूम निघाला. चौकशीसाठी आबांनी बँकेत जाऊन आपली सगळी ठेव साहेब सांगतील त्या खात्यात भरायची, निर्दोष ठरले की परत मिळेल. फोन चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. मी मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या आणि निघाले. माझं ऐकलं नाही तरी बँकेत कोणीतरी त्यांना समजावेल, एवढीच आशा होती.

पायी निघालो. अटकेतला माणूस पळून जाण्याची भीती साहेबाला असावी, आबांना मात्र वेगळीच काळजी होती. हा माणूस पहिल्यांदाच धुळ्यात आला आहे, त्याला आपण काहीच दाखवलं नाही. पुलावर आल्यावर ते थांबले आणि छाती पुढे करून हळूहळू चारी बाजूंना वळले. "साहेब, ही पांझरा. सध्या पाणी नाही, पण पावसाळ्यात बघायला या. इकडे आग्रा रोड. या रस्त्याने पुढे सोनगीर लागतं, तिथे किल्ला आहे. तांब्यापितळेची भांडी चांगली मिळतात."

खिशातून आवाज आला, "चलते रहो."

पुलापलीकडे मारवाडी शेठचं कापडाचं दुकान आहे, माझं अस्तर तिथूनच येतं. शेठने हाक मारली, तर आबा पायरी चढले आणि खिशाकडे हात करून ओळख करून दिली, "हे मुंबईचे साहेब. मी यांच्या अटकेत आहे."

शेठने खिशाला नमस्कार केला. मग आबांना म्हणाले, "अटकेत आहात तर उन्हात कशाला फिरता? बसा ना. चहा सांगतो."

"साहेबांना विचारतो," आबा म्हणाले. साहेब नाही म्हणाला. शेठला ते आवडलं नाही. "कसला साहेब," ते मला हळूच म्हणाले, "चहाला नाही म्हणतो."

बँकेत काउंटरवर एक तरुण बाई होत्या. ठेव मोडायची म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. आबांनी मान हलवली. "मला सांगायची परवानगी नाही. तुम्ही साहेबांनाच विचारा." आणि फोन खिशातून काढून त्यांच्यासमोर धरला.

बाईंनी फोनमध्ये पाहिलं. साहेबाने बाईंना पाहिलं. बाई म्हणाल्या, "नमस्कार, तुमचं पोलीस स्टेशन कोणतं?" पुढच्याच क्षणी फोन काळा झाला.

आबा फोनकडे बघत राहिले. "ठेवला त्यांनी," ते म्हणाले. "न सांगता ठेवला."

बाईंनी त्यांना बसवून सगळं नीट समजावलं. अशी अटक कायद्यात नसते, पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी सुटलो का?"

"तुम्ही अटकेत नव्हताच."

"नाही, पण सकाळपासून होतो ना. आता सोडणार कोण?"

ते काही केल्या खुर्चीवरून उठेनात. शेवटी त्या बाई उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आबा, मी तुमची सुटका करते." तेव्हा आबांनी हात जोडले आणि उठले. परतताना पुलावर ते थांबलेसुद्धा नाहीत.

त्यानंतर सगळ्या गल्लीने त्यांना शहाणं करायचं ठरवलं. जो येई तो शिकवून जाई. अनोळखी नंबर उचलायचा नाही. रडत कोणी बोललं तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. आता मशीन आपल्या माणसाचा आवाजसुद्धा काढतं, हे जावयाने सुरतेहून फोन करून सांगितलं. आबा मान डोलवत ऐकत. शाळेतल्यासारखं पुन्हा म्हणून दाखवत.

शिकले, आणि फारच चांगलं शिकले. बँकेने कळवल्यावरून जबाब घ्यायला खरा हवालदार आला, तर आबांनी त्याला फाटकाबाहेर उभं केलं. गाव विचारलं. तो धरणगावचा. आबांनी धरणगावच्या एका जुन्या ड्रायव्हरला फोन लावला, हवालदाराच्या वडिलांचं दुकान कुठे आहे, घराला कोणता रंग आहे, ते विचारून घेतलं आणि बाहेर येऊन हवालदाराची उलटतपासणी केली. घराचा रंग चुकला. दिवाळीत बदलला आहे, असं हवालदार परोपरीने सांगत होता. उन्हात तो बिचारा घामाने निथळला. मी माझ्या खिडकीतून त्याला पाणी दिलं.

मग गल्ली शांत झाली. फोन वाजायचा, आबा उभे राहायचे, नंबर बघायचे आणि पुन्हा बसायचे. वाजून वाजून तो थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसत.

एका दुपारी ते माझ्या दाराशी आले. चेहऱ्यावर शाबासकी हवी असल्यासारखा भाव होता.

"आज चुकून उचलला फोन. पण फसलो नाही," ते म्हणाले. "हुबेहूब पोरीचा आवाज काढला होता. म्हणे आबा, यांची गाडी ट्रकखाली आली, मी दवाखान्यातून बोलतेय, तुम्ही या. नंबर भलताच. मी विचारलं, गाव सांगा आधी. तर नुसतीच रडायला लागली, आबा मी आहे, आबा मी आहे. मी ठेवून दिला."

"बरं केलंत," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रडताना ती मधेच उचकी देते. लहानपणापासून. आई गेली तेव्हाही तशीच रडत होती." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "मशीनला उचकी कशी माहीत?"

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन त्याच नंबरला लावला. दवाखान्यातल्या नर्सने उचलला. मुलीचा स्वतःचा फोन अपघातात फुटला होता. जावयाला आत नेलं होतं. मुलगी बाहेर बाकावर बसून होती, एकटी.

त्याच संध्याकाळच्या सुरतेच्या गाडीत मी आबांना बसवून दिलं. ज्या माणसाला सगळ्या गाड्या पाठ, तो त्या दिवशी फलाटावर मला विचारत होता, "ही सुरतेलाच जाते ना?"

जावई वाचले. पायात सळी बसली, पण वाचले. आबा काही दिवसांनी सामान न्यायला आले तेव्हा मी विचारलं, मुलगी काय म्हणाली.

"काही नाही म्हणाली. खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उठल्यावर म्हणाली, आबा, तुम्ही मला गाव विचारलंत." त्यांनी पिशवीचे बंद ओढून गाठ मारली आणि ती पुन्हा सोडली. "बँकेचं सगळं आता तिच्या हवाली करून टाकलं. माझ्याकडे नेण्यासारखं काही ठेवलं नाही. आता कोणीही फोन करू दे. मी सगळ्यांचं ऐकणार आहे."

जावयाचा पाय बरा व्हायला बराच काळ गेला आणि आबा तिथेच राहिले ते राहिलेच. त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. भली माणसं आहेत, पण दार लावून घेतात.

मागे साड्यांना फॉल आणायला मी सुरतेला गेले होते. आबांकडे जायचं ठरवलं, रिक्षा त्यांच्या इमारतीच्या वळणावर आली आणि ते मला लांबूनच दिसले. फाटकाशी वॉचमनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दुसऱ्या खुर्चीवर पार्सल पोहोचवणारा एक माणूस होता, मांडीवर हेल्मेट, पायाशी खोक्यांनी भरलेली भली मोठी बॅग. आबा हात हवेत वळवून त्याला कुठला तरी घाट समजावत होते. त्या माणसाच्या खिशातला फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता. आबांचा घाट उतरून होईपर्यंत मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.