सरोजाअक्का आणि चौदावी ओळ

"भितोस कशाला? तुझ्या अंगात आहे, माझ्या अंगात आहे, आणि सकाळी खाल्लेल्या त्या केळ्यात पण आहे!" आमच्या प्रयोगशाळेतल्या पोलादी खोलीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला सरोजाअक्का हे ऐकवायच्या. माणसाच्या शरीरात किती किरणोत्सार आहे, ते मोजायची ती खोली. भिंती वीतभर जाड, दार तिजोरीसारखं, आत एक अरुंद खाट आणि वर टांगलेलं यंत्र. त्या खाटेवर पाऊण तास हलायचं नाही. माणूस आधीच घामाघूम, आणि ही बाई त्याला केळ्याच्या गोष्टी सांगणार! पण खरं सांगते, तो हसायचा आणि निमूट आडवा व्हायचा.

अक्का जाऊन आता वर्ष होईल. पदव्या नव्हत्या त्यांच्याकडे. तंत्रज्ञ म्हणून लागल्या आणि तीस वर्षं ते यंत्र सांभाळलं. घराणं बंगळूरचंच, कितीतरी पिढ्यांचं मराठी. मी नागपूरची, डोकं गरम, कोरमंगलाच्या एका पीजीत राहणारी. पहिल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकून गारच पडले. "स्वल्प थांब गं पोरी. आधी मी निजते, मग तुझं काय ते बघू." आणि खरोखरच निजल्या की! रोजचं पहिलं मापन त्या स्वतःचं करायच्या. मंगळसूत्र काढून बाहेरच्या खिळ्याला अडकवायचं, अंघोळ करून धुतलेला सुती झगा घालायचा आणि आत जाऊन पडायचं. त्यांचा आकडा आदल्या दिवसाशी जुळला, तरच दुसऱ्याला आत घ्यायचं. "माझ्यावर चुकलं तर चालतंय. परक्या माणसावर चुकू नये," म्हणायच्या.

आम्ही तिघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. आमचे सर, मी आणि अक्का. थायरॉइडच्या काही रोग्यांना किरणोत्सारी आयोडीन देतात. त्या वॉर्डात राबणाऱ्यांच्या अंगात ते किती शिरतं, हे आम्ही महादेवपुऱ्याच्या एका रुग्णालयातल्या लोकांवर मोजलं होतं. डॉक्टर, परिचारिका, सफाईवाले, सगळे. निबंध नियतकालिकाकडे गेला आणि दुरुस्तीसाठी परत आला. परीक्षकाने एका ओळीवर बोट ठेवलं होतं. तक्त्यातल्या चौदाव्या व्यक्तीचा आकडा इतरांच्या मानाने फारच मोठा दिसतो, खुलासा करा किंवा वगळा.

चौदावी व्यक्ती म्हणजे मुनियम्मा. रोग्यांच्या चादरी, उशा, कपडे गोळा करून धुवायला नेणारी. ते आयोडीन रोग्याच्या घामातून, लघवीतून बाहेर पडतं आणि हिचे हात उघडे. हातमोजे फक्त परिचारिकांना, असं तिचा सुपरवायझर म्हणायचा.

सरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "वगळा. एका ओळीने काय बिघडतं?" मी मान डोलावली. का डोलावली, ते आज लिहिताना लाज वाटते. मुनियम्माचं मापन मी घेतलं होतं. तिने सगळं उतरवलं, पण गळ्यातला ताळीचा हळदीचा दोरा काढेना. आमचं मंगळसूत्र तशी त्यांची ताळी. नवरा जिवंत असताना गळा मोकळा कसा करू, म्हणून रडकुंडीला आली. बाहेर रांग होती, मी वैतागले होते. "राहू दे," म्हटलं आणि दार लावलं. निबंधात मात्र ठोकून दिलं, सर्वांनी अंगावरचे दागिने उतरवले होते. आता तो आकडा तिच्या शरीरातला की तिच्या दोऱ्यातला, देवालाच ठाऊक. ओळ गेली की माझं पापही झाकलं जाणार होतं.

अक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. "ह्या बायका ताळी सहजी उतरवत नाहीत. त्या चौदावीनं दोरा काढलेला काय गं?"

मी कागद चाळायला लागले.

"अय्यो, तोंड वर कर. काढलेला काय?"

"नाही, अक्का."

मला वाटलं, आता धुलाई. पण त्या म्हणाल्या, "सरी, असू दे. चुकलं तर परत मोजायचं. ओळ का खोडायची? ती बाई अजून तिथंच चादरी उचलतीय न्हवं? ओळ गेली तर कागद म्हणणार सगळं बरं आहे. मग तिला हातमोजे कोण देणार, तू?"

मुनियम्माला पुन्हा बोलावलं. ती आली ती दोरा मुठीत धरूनच. मी समजावायला गेले, पण अक्कांनी मला बाजूला सारलं. पिशवीतून त्यांनी नवा कोरा, हळद लावलेला दोरा काढला. मध्ये हळकुंड बांधलेलं. जुना दोरा बदलताना नवा आधी बांधतात आणि जुना मग काढतात, गळा क्षणभरही मोकळा राहत नाही. हे मुनियम्माच्या घरचं वळण, आणि अक्कांना ते ठाऊक होतं! मला यंत्र ठाऊक होतं, बाई ठाऊक नव्हती. "हा दोरा मी सकाळीच यंत्रात मोजलाय, स्वच्छ आहे," अक्का तिला कन्नडमध्ये म्हणाल्या. "आणि मी माझं रोज काढते बघ. तीस वर्षं झाली. आमचे यजमान टुणटुणीत आहेत, काल दोन डोसे जास्त खाल्ले." मुनियम्मा खुदकन हसली. अंघोळ करून आल्यावर अक्कांनी नवा दोरा स्वतः बांधला, मग जुना ताळीसकट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला.

दोन्ही वेगवेगळं मोजलं. दोऱ्यात होतं. आणि शरीरातही होतं. आधीच्या आकड्यापेक्षा कमी, पण बाकी साऱ्यांपेक्षा बरंच जास्त. मला रडू आलं. माझ्यामुळे ती बाई कागदावरून पुसली जाणार होती, आणि आकडा निव्वळ दोऱ्याचा नव्हताच.

अक्कांनी मला तळटीप लिहायला बसवलं. पहिल्या मापनात एका व्यक्तीच्या गळ्यातला दोरा उतरवला नव्हता, ही आमची चूक. मापन पुन्हा केले आहे. "माझी चूक लिहिते," मी म्हटलं. "आमची लिही," अक्का म्हणाल्या. "नावं तिघांची आहेत."

सर भडकले. जग हसेल, म्हणाले. रुग्णालयवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत, म्हणाले. शेवटी अक्कांवर घसरले. "महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय. जाता जाता कशाला हा ताप?"

"म्हणूनच, सर. राहणार असते तर कदाचित घाबरले असते." अक्कांचा आवाज चढला नाही. "माझं नाव काढा. ओळ काढू नका."

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि वाढवणं सरांच्या हातात होतं. पण इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, सरांचा आणि त्याहून स्वतःचा. म्हटलं, "मग माझंही काढा." आता उरले एकटे सर, ज्यांनी त्या यंत्राचं बटण वर्षानुवर्षं दाबलं नव्हतं. त्यांनी तळटीप पुन्हा एकदा वाचली. मग पेन मागितलं आणि दुरुस्त निबंधावर सही केली, तिघांच्याही नावांनिशी. पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, ते सोडा.

निबंध छापून आला तोवर अक्का निवृत्त झाल्या होत्या, थकल्याही होत्या. तरी हट्टाने माझ्याबरोबर रिक्षात बसल्या, महादेवपुऱ्याला. रुग्णालयाच्या मागच्या दाराशी मुनियम्मा चादरींचं गाठोडं घेऊन उभी होती, उघड्या हातांनी. अक्कांनी तिला छापील तक्ता दाखवला, चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि कन्नडमध्ये शब्दन् शब्द समजावला. शेवटी म्हणाल्या, "नाव लिहीत नाहीत, तसा नियम आहे. ही तू आहेस, हे आम्हालाच माहीत."

मुनियम्माने तो कागद दोनदा बोटाने चाचपला. गाठोडं तिथेच जमिनीवर टाकलं, पदर खोचला आणि तरातरा आत गेली. सुपरवायझर टेबलाशी चहा पीत होता. तिने कपाशेजारी कागद आपटला.

"ही चौदावी आहे ना, ती मी," ती म्हणाली. "मला हातमोजे द्या. नाहीतर पुढच्या वेळी नावासकट छापायला सांगते."