अंगणातल्या दोन पाट्या

मला नाही म्हणता येत नाही. हा दुर्गुण की संस्कार, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. बायको पहिला शब्द वापरते, मी दुसरा. दोन हजार पाचच्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावं की घालू नये यावरून मोठी धुमश्चक्री उडाली. तेव्हा आमच्या घरापुढे दोन्ही पक्षांच्या पाट्या कशा लागल्या, असं मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर हेच, की मला नाही म्हणता येत नाही.

मला खरं तर त्या पाण्यात काडीचा रस नव्हता. सकाळी अंधारात बॉस्टनच्या दिशेने गाडी हाकायची, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि अंधारातच परत यायचं. घरी आल्यावर नळाला पाणी येतंय, एवढं मला पुरे होतं. पण गावाला पुरे नव्हतं.

पहिला आला तो शेजारी. निवृत्त गृहस्थ. हिवाळ्यात स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ यंत्राने उडवताना आमचाही उडवून देणारा, तोही न सांगता. दारात उभं राहून म्हणाला, "माझ्या ग्लासात काय घालायचं ते मी ठरवणार, सरकार नाही." आता दारात आलेल्या माणसाला तसंच परत कसं पाठवायचं? इकडे प्रचाराला आलेल्याला कुणी आत घेत नाही, हे माझ्या डोक्याला माहीत होतं, हातापायांना नव्हतं. चहा टाकला, दिवाळीचा उरलेला चिवडा पुढे केला. दोन बश्या संपवून तो उठला, आणि जाताना हिरवळीवर पाटी रोवून गेला: 'आमच्या पाण्याला हात लावू नका.'

पुढच्या आठवड्यात बायकोच्या क्लिनिकची मालकीण आली. माझी बायको नागपूरची डेंटिस्ट. पण इथल्या लायसन्ससाठी पुन्हा शिकावं लागतं, म्हणून तोवर ती या बाईंच्या हाताखाली असिस्टंट होती. बाई फ्लोराइडच्या बाजूच्या पुढारी. त्यांनाही चहा, त्यांनाही चिवडा. ड्राइव्हवेच्या दुसऱ्या अंगाला दुसरी पाटी: 'मुलांच्या दातांसाठी, हो.'

संध्याकाळी बायकोने गाडी दोन पाट्यांच्या मधून आत घेतली.

"अरे, ही काय सर्कस आहे?"

"एक तुझ्या नोकरीसाठी, एक बर्फासाठी."

"आणि तुझं मत?"

"चिवड्यात मीठ कमी पडलंय."

ती हसली नाही. पेशंटला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "फ्लोराइड थोडं असलं तर दाताला चांगलं, फार झालं तर वाईट. भाजीत मीठ लागतं म्हणून कुणी मिठाची भाजी करत नाही. इतकं साधं आहे. आणि हा विषय बाबांसमोर काढू नकोस."

बाबा म्हणजे माझे सासरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेचे हेडमास्तर होते. त्या भागातल्या विहिरींच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड फार. लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांचे दात तपकिरी आणि डागाळलेले निघतात आणि जन्मभर तसेच राहतात. बाबांचे तसे होते. ते हसताना तोंडावर हात धरायचे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर प्रत्येक फोटोत त्यांना नुकताच ठसका लागल्यासारखं वाटतं. बायकोचे दात मात्र पांढरेशुभ्र. ती लहानपणापासून नागपूरला आत्याकडे वाढली, शिक्षणासाठी. घरी जायची ती फक्त सुट्टीत.

त्या वर्षी सासूबाई गेल्या आणि दिवाळीनंतर तिने बाबांना एप्रिलअखेरपर्यंत इकडे बोलावलं. त्यांना आणायला गेलो तेव्हा विमानतळाच्या पार्किंगमध्ये ती मला म्हणाली, "सलग सहा महिने मी बाबांजवळ कधी राहिलेच नाही रे. एवढं एक नीट पार पडू दे. तू फक्त तुझे विनोद आवर."

विनोद मी आवरले. संकट आलं ते माझ्या चांगुलपणातून.

जानेवारीत एकदा बर्फ काढताना शेजाऱ्याने मला गाठलं. जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांचं माझ्याशी काही बिनसलंय का? मी रोज हसून हॅलो म्हणतो, ते तोंड झाकून आत जातात." मला बाबांची बाजू घेणं भाग होतं. म्हटलं, तसं काही नाही हो, त्यांना दातांचा संकोच आहे. गावच्या पाण्यात फ्लोराइड होतं ना, त्याने. शेवटचा शब्द तोंडातून निसटला आणि शेजाऱ्याचे डोळे चमकले. मी घाईघाईने सांगू लागलो की तिथलं प्रमाण फार जास्त, इथल्याशी तुलनाच नाही. पण तो केव्हाच पुढच्या आठवड्यातल्या जाहीर सभेत जाऊन पोचला होता. "तू येशील ना सभेला?" मी म्हणालो, "हो, हो."

बाबांना मी नेलं नाही, ते स्वतःहून निघाले. "अमेरिकेतली ग्रामसभा पाहू तर द्या, जावईबापू," म्हणाले. कोट, टाय आणि गळ्याला मफलर. मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते मला येत नाही, हे वर आलंच आहे.

शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायको एका कोपऱ्यात क्लिनिकच्या टेबलामागे फुकट टूथब्रश वाटत उभी होती. माणसं माइकपुढे रांग लावून एकामागून एक तेच ते बोलत होती. एक म्हणाला विष, दुसरा म्हणाला वरदान. तिसऱ्याने या दोघांचं बोलणं पुन्हा सांगितलं. मला दिवसभराच्या थकव्याने पेंग यायला लागली. बाबा मात्र ताठ बसून कौतुकाने ऐकत होते. "रांग कशी शिस्तीत आहे पाहा. आपल्याकडे आतापर्यंत खुर्च्या उडाल्या असत्या."

मग शेजारी माइकपाशी आला. म्हणाला, "भारतातून आलेले एक सज्जन आज आपल्यात बसले आहेत. त्यांच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड होतं. त्यांचे दात बघा, मला आणखी काही बोलायची गरज नाही." आणि त्याने आमच्याकडे बोट दाखवलं.

सगळी जिम वळली.

इथेही मी गप्प बसलो असतो, तर निभावलं असतं. पण बाबांची अब्रू वाचवायला मी उठलो. तरातरा माइकपाशी गेलो आणि इंग्रजीत ठणकावून सांगितलं, की हे साफ चुकीचं आहे. माझ्या सासऱ्यांच्या गावात फ्लोराइड प्रमाणाबाहेर होतं, त्यांचे दात ही अगदी टोकाची केस आहे, तसे डाग इथे कुणाला पडणार नाहीत. क्लिनिकच्या मालकीणबाईंच्या बाजूने कडकडून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या घेत असतानाच माझ्या लक्षात आलं, की शेजाऱ्याने ज्याकडे नुसतं बोट दाखवलं होतं, त्यावर मी व्याख्यान दिलं. हेडमास्तरांना इंग्रजी उत्तम येत होतं.

बाबांनी मफलर नाकापर्यंत ओढला. उठले, खुर्च्यांमधून लोकांना "सॉरी, सॉरी" म्हणत बाहेर गेले. कोपऱ्यातल्या टेबलामागची माझी बायकोही त्यांच्यामागे धावली, टूथब्रशचं खोकं काखेत तसंच.

मी गाडी सुरू केली. मग बाबा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "बेटा, माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं करून दे."

"बाबा, याला अक्कल नाही हो. तुम्ही याच्याकडे नका पाहू."

"जावईबापूंचं काय चुकलं? खरं तेच बोलले." मग त्यांचा आवाज चढला, आणि चढल्यावर गावचा झाला. "पण काऊन बाप्पा? हे दात दिसू नयेत म्हणून जन्मभर तोंड दाबून हसलो. तुझे असे होऊ नयेत म्हणून तुला चालायला लागली तशी नागपूरला ठेवलं. तुझी आई महिनाभर जेवली नाही धड. अन् शेवटी हे सगळं अमेरिकेत माइकवर निघालं."

बायको पुढच्या सीटवर वळून बसली. "नागपूरला मला शाळेसाठी ठेवलं होतंत ना?"

"शाळा तर गावातही होती. मीच हेडमास्तर होतो."

मी आमचं वळण चुकलो. पुढचंही चुकलो. कुणी मला टोकलं नाही.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?" ती म्हणाली. "मला वाटायचं, दुसऱ्यांची पोरं तुम्हाला वर्गात चालतात, मी नाही चालत."

बाबा काचेतून बाहेर बघत राहिले. "पाण्यापायी पोर दूर केली, हे काय सांगायसारखं आहे?"

घरी आल्यावर कुणी जेवलं नाही. तिकिटाचा विषयही कुणी काढला नाही.

शनिवार होता दुसऱ्या दिवशी. सकाळी उठून मी निदान पाट्या तरी उपटाव्यात म्हणून बाहेर गेलो. जमीन दगडासारखी गोठली होती. पाटीच्या खालच्या तारा नोव्हेंबरात लोण्यात सुरी जावी तशा आत गेल्या होत्या, आता तसूभर हलेनात. मी ओढलं, हिसडलं, लाथ घातली. शेवटी 'आमच्या पाण्याला हात लावू नका' ही पाटी अर्धी फाटून माझ्या हातात आली आणि मी बर्फात सपशेल बसलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बाबा आणि बायको चहाचे कप घेऊन उभे होते. कधीपासून, देव जाणे. थोड्या वेळाने बाबा माझंच जाड जॅकेट घालून बाहेर आले. दुसरी पाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरून एकदा ओढून पाहिली. ती हलली नाही. मग माझ्याकडे बघून ते हसले. हात पाटीवर अडकलेले होते, तोंडावर न्यायला मोकळे नव्हते.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "बर्फ गेल्यावर काढू. मी आहे तोवर."

पलीकडे शेजाऱ्याने आपलं बर्फाचं यंत्र सुरू केलं. आमच्या अंगणातली फाटकी पाटी पाहून त्याने ते बंद केलं, जरा घुटमळला, आणि मग आमचाही ड्राइव्हवे साफ करायला लागला. मी त्याला चहाला बोलावणार होतो. तेवढ्यात माझा बेत ओळखलेल्या बायकोने खिडकी उघडून मला नावानिशी हाक मारली, आणि मी निमूट आत गेलो.