खंडेनवमीचं ताट

चारुलता पेंडसेबाईंनी खंडेनवमीला पूजेचं ताट लाथेनं उडवलं, अशी कुजबुज १९७९ साली पिंपरीहून दापोडीपर्यंत पोचली होती. पोचवणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू!

बाई आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या प्रमुख. अंगानं काडी, जिभेनं सुरी. त्या दिवशी सगळ्या लेथची पूजा आटोपून युनियनचे भिमाजी काटे हळदकुंकवाचं ताट घेऊन तिथे आले. मागे आम्ही तीसेक जण. बाई दारात आडव्या उभ्या.

"आत कॉम्प्युटरची चकती फिरतेय, भिमाजीराव. चार हजार माणसांची वर्षभराची हजेरी तिच्यावर आहे आणि टेपवर नक्कल अजून अर्धीच उतरलीय. कुंकवाचा एक कण आत गेला, तर सगळं खरवडून निघेल. तुमची हजेरीसुद्धा!"

"लेथला कुंकू चालतं, अन् तुमच्या यंत्रालाच वावडं हाय व्हय?"

"इथे चौकटीला लावा ना. मी नको म्हणतेय का?"

"आज देवाला दारात थांबवता, बाई?" कुणीतरी ओरडलं आणि मागून गर्दी रेटली. भिमाजींचा तोल गेला. ताट खणखणलं. पुढचे एक पाऊल मागे सरले. आतून चकतीची घरघर तेवढी ऐकू येत राहिली, एका लयीत.

मागे उभ्या असलेल्या मला फक्त तो खणखणाट कळला. बाकीचं मी कासारवाडीच्या स्टेशनावर रंगवून सांगितलं, आणि भिमाजींनी ओशाळून ते खोडलं नाही.

खरं मला मागाहून कळलं: ताट भिमाजींच्या हातून पडलं होतं. सांडलेलं कुंकू बाईंनी पदरात झेललं होतं.