आक्कांचा शास्त्रपाठ

आमच्या मंडळीला एक खोड आहे. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणारा जरा कुठे अडखळला, की सगळं देऊळ त्याला पुढचा शब्द पुरवतं. आम्ही ख्रिस्ती असलो तरी चर्चला देऊळच म्हणतो, बायबलला शास्त्र, आणि ह्या शब्द पुरवण्याला साथ म्हणतो. पूर्वी वस्तीत वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. मास्तर वाचायचे, वाक्याचा शेवट मुद्दाम सोडून द्यायचे आणि मंडळीनं तो पुरा करायचा. असं करत करत येशूनं सांगितलेल्या गोष्टी, दाखलेच्या दाखले, लोकांना पाठ झाले. मास्तर गेले, शाळा आल्या, मोबाईल आले, पण साथ राहिली. उपासना चालवायला नवा पाळक येतो, तो पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो. मला मात्र तिचा फार अभिमान होता. ते मास्तर म्हणजे माझे आजोबा, तेव्हा असणारच.

मीही शाळेतच जन्म घालवला. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड जात नाही. भाजीवालीच्या पाटीवरचं शुद्धलेखनसुद्धा सुधारते, आणि माझा मुलगा बाजारात माझ्यापासून चार पावलं लांब चालतो. वाचनाचं वेड तर लहानपणापासूनचं. न्यायाबद्दल, समतेबद्दल काही छापलेलं दिसलं की मी त्याखाली पेन्सिलीनं रेघा ओढते. प्रार्थना मला आईनं शिकवली, पण शेजाऱ्याची भाकरी हाही प्रार्थनेचाच विषय आहे, हे मला पुस्तकांनी शिकवलं. दर गुरुवारी दुपारी देवळाच्या पडवीत मी बायकांना काही ना काही वाचून दाखवते. त्या शेंगा निवडत ऐकतात, मी मधे मधे समजावून सांगते. मला ते दिवस फार आवडतात, खोटं कशाला बोलू.

त्या बायकांतच आक्का बसायच्या. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. नऊ वर्षांच्या असल्यापासून लोकांच्या कांद्यात खुरपायला जातात. एका गुरुवारी सगळ्या उठून गेल्या तरी त्या बसून राहिल्या. देवळाच्या दारावर शास्त्रपाठ वाचणाऱ्यांच्या पाळ्यांचा कागद लावलेला असतो, त्याकडे त्यांनी हनुवटीनं दाखवलं.

"बाई, त्या कागदावर माझं नाव कवा येनार?"

मी तो कागद इतकी वर्षं पाहत होते. पाहिला मात्र त्या दिवशी. त्यावर सहा घरांतली नावं होती, आणि सहाही घरं मास्तरांची, नर्सची, कारखान्यातल्या कारकुनांची. माझं नाव दोनदा होतं. शेतावर जाणाऱ्या घरांतलं एकही नाही. कुणी ठरवून केलं नव्हतं. वाचता येतं त्यांनी वाचायचं, एवढंच. पण रेघा ओढून ओढून ज्याच्याबद्दल मी वाचत होते, ते आमच्या दारावरच चिकटवलेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. दिवसभर खुरपून आल्या की आधी हात धुवायच्या, मग पुस्तकाला शिवायच्या. अक्षरं त्यांना लवकर आली, जोडाक्षरांनी मात्र छळलं. घोडेगावच्या बाजाराला जाताना एसटीच्या पाट्या वाचायच्या आणि संध्याकाळी येऊन मला सांगायच्या. खताच्या गोणीवरचं वाचून एकदा म्हणाल्या, "बाई, ह्या गोनीवर लई खोटं लिव्हलंय." वर्ष गेलं. कुठला पाठ वाचायचा हे त्यांनीच ठरवलं होतं: द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. सकाळपासून राबलेल्यांना आणि दिवस कलताना आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, तो. मी म्हटलं, लांब आहे, एखादं छोटं स्तोत्र घ्या. त्या म्हणाल्या, "त्यात आमचंच हाय समदं. त्योच वाचीन."

देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांसमोर मी विषय काढला, तर एकजण म्हणाले, उपासना लांबेल. दुसऱ्यांनी तोडगा सुचवला, की मोबाईलवर रेकॉर्डिंग लावू आणि आक्का नुसत्या उभ्या राहतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना न्यायावर असं काही सुनावलं, की पाळकसाहेब टाचण काढायला लागले. नाव कागदावर चढलं. घरी येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तो रविवार उजाडला. आक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या, डोक्यावर पदर, नाकावर नवा चष्मा. त्या पुढे गेल्या, शास्त्र उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. मी पहिल्याच सतरंजीवर होते.

द्राक्षमळा ह्याच शब्दावर त्या थांबल्या. "द्रा..."

"द्राक्षमळा," देऊळ म्हणालं.

त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. दोन शब्दांनंतर पुन्हा थांबल्या, पुन्हा आम्ही पुरवला. मग लोकांना जोरच चढला. सगळ्यांनाच तो दाखला पाठ. तिसऱ्या वाक्याला मंडळी पुढे धावत होती आणि आक्कांचे ओठ मागून हलत होते. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी त्यांना सांभाळून घेत होते ना.

आक्कांनी बोट आत ठेवून शास्त्र मिटलं. मला वाटलं, घाबरल्या. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं म्हणून मी अर्धवट उठले.

"बाई, तुमी बसा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "आन् समद्यांनीच जरा दम धरा. ह्यो दाखला मलाबी पाठ हाय, तुमच्यावानीच. पाठ म्हनायला न्हाई आले मी. वाचायला आले."

मी बसले. वर्गात बोलणाऱ्या पोरीला खाली बसवावं तसं मला बसवलं होतं, आणि ते रास्त होतं. आम्ही जे प्रेमानं करत होतो, त्यानं त्या बाईच्या तोंडातून एकेक शब्द काढून घेतला जात होता. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावू म्हणणारे पंच आणि मी, आमच्यात फारसा फरक उरला नव्हता. रेकॉर्डिंगच्या जागी मी माझा गळा लावला होता, इतकंच.

आक्कांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. द्राक्षमळ्यापाशी पुन्हा अडल्या. कुणी बोललं नाही. पुरुषांच्या बाजूला एका म्हाताऱ्यांनी तोंडावर चक्क हात धरला होता. बिचाऱ्यांची सत्तर वर्षांची सवय. मीही ओठ दाताखाली दाबले. शब्द समोर दिसतो आहे, जिभेवर आला आहे, आणि तो दुसऱ्यानं उच्चारायची वाट पाहायची, हे इतकं अवघड असतं हे मला शिक्षिका असून माहीत नव्हतं. मग आक्कांनी तो शब्द वाचला. एकदा तुटक, मग सलग.

फार वेळ लागला. बाहेर दोन ट्रॅक्टर गेले, एक लेकरू रडून झोपलं. दाखल्यात सकाळपासून राबलेले मजूर मालकाशी कुरकुरतात, तिथे त्या आल्या, तेव्हा मला आमची सहा घरं आठवली. आम्ही सकाळपासूनचे. उशिरा आलेल्यांना त्यांचं मिळालं म्हणून आमचं काहीच कमी होत नव्हतं. उलट तो लहानपणापासून ऐकलेला दाखला त्या दिवशी मला नवा वाटला, कारण पुढचा शब्द कधी येईल ते माझ्या हातात नव्हतं. मी खूप वर्षांनी नुसती ऐकत होते. मला बरं वाटत होतं.

शेवटची ओळ झाली. पाठ संपला की मंडळीनं आमेन म्हणायचं असतं. पण त्या दिवशी आमची कुणाची छाती होईना. संपलाय की त्या श्वास घ्यायला थांबल्यात, कुणाला ठाऊक.

आक्कांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता म्हना."

मग आम्ही म्हणालो.