ओसरीवरचं चाक आणि दगडावरचे ओरखडे

भिंगाखाली धरलेल्या दगडावर पुन्हा ओरखडे दिसले. मी दगड फडक्यात गुंडाळला आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. शनिवारच्या गाडीनं तो नागपूरला जायचा होता आणि तसला दुसरा तुकडा माझ्याकडे नव्हता.

आमचं सरकारी ऑफिस खनिज शोधायचं. गडचिरोलीच्या जंगलात जमिनीला भोकं पाडून लोहखनिजाचे नमुने काढत आणि ते बैलगाडीतून चांद्याला येत. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. नमुन्याची एक बाजू घासून आरशासारखी करायची, म्हणजे नागपूरचे साहेब ती मायक्रोस्कोपखाली ठेवून आत काय काय आहे ते ओळखत. अशा तुकड्याला सेक्शन म्हणतात. दगडाचा आरसा करणारा माणूस मी. हुद्दा सेक्शन कटर, नोकरी टेंपररी.

चांद्याच्या ऑफिसात जागा नव्हती, म्हणून घरीच वर्कशॉप मांडायची परवानगी मी हातापाया पडून मिळवली होती. कारण घरात होतं. बाबांना अर्धांगवायू झाला होता. त्यांना कूस बदलायलाही दोन माणसं लागत.

साहेबांनी बजावलं होतं, "बोरकर, एक स्वच्छ सेक्शन पाठवा, वर्कशॉप राहील. नाही जमलं तर तुम्ही कलकत्त्याला. तिथे विजेची मशिनं आहेत."

"साहेब, वडील अंथरुणाला खिळलेत."

"म्हणून तर चान्स देतोय."

आता मशीन कुठलं घ्यावं? आमच्या गल्लीत वीज आली नव्हती, त्यामुळे मोटर बाद. कोणी सुचवलं, पिंपात दगड आणि रेती भरून पिंप फिरवत ठेवा. त्यानं दगड चकचकीत होतो खरा, पण सगळीकडून गोल होतो. मला हवी होती एकच सपाट बाजू. कुंभाराचं चाक वापरून बघितलं. ते जड, चांगला झोक घेणारं, पण दर थोड्या वेळानं काठीनं गती द्यावी लागे, आणि गती बदलली की हाताचा दाब बदलतो. दाब बदलला की सपाटी गेली.

शेवटी करीमभाई टेलरांकडे मोडीत पडलेलं शिलाई मशीनचं पायडल मिळालं. पायानं चाक फिरतं, दोन्ही हात मोकळे राहतात, गती आपल्या ताब्यात. करीमभाई म्हणाले, "कपडा शिवणाऱ्या मशिनीवर दगड घासून राह्यला तुमी. मशिनीले तरी विचारलं का?"

लोहाराकडून उभा आस करून घेतला आणि त्यावर बदलता येतील अशा चकत्या बसवल्या. दगड घासायच्या जाड कुरुंद पावडरीसाठी लोखंडी, बारीकसाठी तांब्याची आणि शेवटच्या पॉलिशसाठी लाकडी, वर बनातीचं मऊ लोकरी कापड ताणलेलं. आमच्या धंद्यात एकच कायदा आहे: जाड रवा बारीकच्या घरात शिरता कामा नये. बनातीवर एक कण बसला तरी आठवड्याचं काम पाण्यात.

तरी ओरखडे येत होते. मी हात धुतले, पाणी गाळलं, पावडर बदलली, बनात बदलली. दर वेळी दगड पुन्हा घासायचा, आणि दर वेळी तो थोडा पातळ व्हायचा. अजून एकदोनदा घासला असता तर हातात धरायलाही उरला नसता. रात्री झोप येईना. कलकत्त्याला बाबांना न्यायचं कसं आणि न न्यावं तर ठेवायचं कुणापाशी, हेच डोक्यात फिरायचं.

एका सकाळी दगड चुकून ओसरीच्या कठड्यावर उघडा राहिला. उचलायला गेलो तर काळ्या पाठीवर पांढरी भुरकी. बोटावर घेतली आणि काचेवर घासली. कर्र आवाज आला.

समोर माझी बायको, सुशीला, अंगण झाडून रांगोळी घालत होती. गारेचा दगड कुटून केलेली रांगोळी. वाऱ्यानं आणि झाडूनं ती रोज ओसरीवर यायची, आणि बनात मी तिथंच दोरीवर वाळत घालायचो. दुसरी जागा नव्हती. आतल्या एकमेव खोलीत बाबांची खाट होती.

"सुशीला, आजपासून रांगोळी बंद. सडा-झाडूही नको."

ती हातातली चिमूट तशीच धरून म्हणाली, "दार मोकळं कसं ठेवू? घरात बिमार मानूस हाय. लोक काय समजतीन?"

"शनिवारपर्यंतच."

लोक काय समजतील ते दुसऱ्याच दिवशी कळलं. शेजारच्या विठाबाई डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि पायरीवर बसून रडायला लागल्या. "गेले का वो तुमचे बाबा. कालपासून दारात सडा नाई, रांगोळी नाई. सांगाचं तरी आमाले."

आतून बाबांचा अडखळता आवाज आला, "कोन गेलं?"

विठाबाई डोळे पुसत घाईनं पायरी उतरल्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती. बाबांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. संध्याकाळी मला जवळ बोलावलं.

"दगडासाठी काऊन मले आधीच मेल्यात मोजून टाकलं रे?"

"बाबा, तुम्हाला सोडून जायला लागू नये म्हणूनच करतोय हे."

"मंग माया दारात रांगोळी घाल. मी हाय अजून."

मला रडू आलं. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला बापासाठीच घासलेला दगड. सुशीला चुलीपाशी ऐकत होती. तिचं माहेर सिरोंच्याचं, तेलुगू मुलखाला लागून.

"आमच्या इकडे तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतेत, मुग्गू म्हनतेत तिले," ती म्हणाली. "मुंग्या-चिमण्यायले बी खायले होते. तुमच्या दगडाले पीठ चालते का?"

मी डब्यातलं पीठ काचेवर घासलं. आवाज नाही, ओरखडा नाही.

जुनी रांगोळी मी स्वतः ओल्या फडक्यानं टिपून काढली. सकाळी ओला सडा पडला आणि त्यावर पिठाचा मुग्गू. विठाबाई कुंपणावरून बघून हसल्या. बाबांनी दोन कप चहा घेतला. चकतीवर मुंग्या चढायच्या, पण मुंगीनं दगडाला ओरखडा पडत नाही. शुक्रवारी दुपारी त्या दगडात मला माझी मिशी दिसली.

नागपूरहून साहेबांनी शाबासकी दिली नाही. दहा नवे नमुने माझ्याकडे धाडायला लावले. आमच्याकडे शाबासकी अशीच येते.

पुढे मी अनेकांना घरगुती वर्कशॉप मांडून दिलं. मशीन कुठलं घ्यावं हे सगळे विचारतात. मी म्हणतो, कुठलंही घ्या, पण आधी सकाळी उठून आपलं अंगण बघा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तिथलं काही बंद करू नका.

बाबा त्याच घरात, त्याच खाटेवर गेले. त्या सकाळी दारात सडा नव्हता, मुग्गू नव्हता. ओसरीवरची हवा पॉलिशला कधी नव्हती इतकी स्वच्छ होती. मी पायडलला पाय लावला नाही.