लिंबावरचे लाल कोळी

ये गं सुमे, जवळ बस. पाळीत शिवले म्हणून लिंब करपलं, असं शिकलेली भाची माझी म्हणते? तू आणलेल्या या जाळी धरलेल्या पानाच्या वासानं मला सातपूरचं अंगण आठवलं.

नवी नवरी होते मी. लिंबाची पानं पांढुरकी पडून गळत होती आणि सासूबाई शेजारणींना ऐकवत होत्या, "हिनंच विटाळात शिवून जाळलं!"

ह्यांनी एक पान पांढऱ्या कागदावर झटकलं. लाल ठिपके पळू लागले.

"आई, हे कोळी आहेत."

"असतील! पण आले कुणामुळे?"

ह्यांनी पानांच्या मागून रोज पाण्याचा मारा केला, झाड तगलं. मला मात्र सासूबाई असेपर्यंत त्याला हात लावता आला नाही. तेव्हा रडू यायचं, आता चीड येते.

परत लवकर ये. पाळी असली तरी ये, स्वयंपाकघरातच बसू.