बर्लिनचा कोड आणि कुहीची राइस मिल

“मॅडम, हे शेवटचे तीन एक्स कोणी भरायचे? आपण, का त्यांनी?”

मॅनेजर साहेबांनी फॉर्म माझ्या टेबलावर आपटला. समोर शालूताई बसल्या होत्या. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीला त्यांची राइस मिल आहे. तांदळातले काळे दाणे वेगळे काढणारं एक सेकंडहँड मशीन त्या जर्मनीहून मागवत होत्या. त्यासाठी नागपुरातला एकुलता एक प्लॉट विकून मोकळ्या झाल्या होत्या. ॲडव्हान्स आजच पाठवा, नाहीतर मशीन दुसऱ्याला देऊ, असा मेल सकाळी आलेला.

परदेशी पैसे पाठवायचं काम शाखेत माझ्याकडे आहे. पण जर्मनीचं प्रकरण क्वचितच येतं, तेही बहुतेक कोणाच्या पोराच्या फीचं. त्यामुळे मीही जरा चाचपडतच होते.

“सर, ते भरायचे नसतात. हा बीआयसी. म्हणजे जगातल्या बँकांमधून ही एक बँक ओळखायचा कोड. शेवटी तीन एक्स असले की मुख्य ऑफिस.”

“आपल्या आयएफएससीत कधी एक्स पाहिले काय?”

असे नव्हते पाहिले. शेवटी सर्क्युलर काढून दाखवलं, तेव्हा साहेब केबिनमध्ये गेले आणि चहा संपायच्या आत परत आले.

“बिलावर खात्याचा नंबर सात आकडी आहे. खाली आयबॅनमध्ये तोच नंबर आहे, पण आधी तीन शून्यं. ही कुठून आली?”

आता मात्र मीच भंजाळले. कागद घेतला आणि बोट ठेवून मोजायला बसले. आयबॅन म्हणजे तिकडे चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जर्मनीचा बावीस जागांचा. आधी डीई, म्हणजे देश. मग दोन आकडे तपासणीचे, टायपिंगमध्ये चूक झाली तर पकडायला. मग आठ आकडी बँक कोड. राहिल्या दहा जागा, त्या खात्याच्या. खातं सात आकडी, म्हणून पुढे तीन शून्यं. हुश्श! सिस्टीममध्ये टाकला, तर आयबॅन व्हॅलिड. मी शालूताईंकडे बघून मान हलवली. त्यांनी पदराने घाम पुसला.

“कंपनी कुठली आहे?” साहेबांनी विचारलं.

“म्युनिकजवळची.”

“आणि हा कोड कुठला?”

इथे मी नको तेवढी हुशारी दाखवली. म्हटलं, त्या आठ आकड्यांतला पहिला आकडा भाग सांगतो, एक म्हणजे बर्लिनकडचा.

“म्हणजे कुहीच्या मिलचं खातं कोलकात्यात? मले हे पटून नाही राहिलं, मॅडम.”

“सर, तिकडे ऑनलाइन बँका आहेत. माणूस कुठलाही असो, कोड मुख्य ऑफिसचा. आपल्यासारखा प्रत्येक शाखेला वेगळा नसतो.”

“असं कसं नसतो?”

माझं डोकं सणकलं. या माणसाला आयएफएससीच्या बाहेर जग आहे हे कोणी सांगायचं? तिकडे शालूताई रडकुंडीला आल्या.

“अजी साहेब, मशीन हातची जाईल ना बाप्पा! दुसऱ्याच्या मिलवर तांदूळ साफ करायले किती दिवस पाठवू मी?”

“ताई, एक फोन लावू. बर्लिन काहून, एवढंच विचारू. मग मी सही करतो.”

बिलावरचा नंबर लागेना. मग ताईंनी पर्समधून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं. मशीन त्यांनी ज्या प्रदर्शनात पाहिलं, तिथे कंपनीच्या माणसाने दिलेलं. त्यावरचा नंबर मी लावला. एका बाईंनी उचलला. मी बिल नंबर सांगितला, आयबॅन वाचून दाखवला. बाईंनी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, हे आमचं खातं नाही. आमची बँक इथेच, गावात आहे. आणि तुम्हाला आम्ही अजून बिल पाठवलेलंच नाही.

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. कोणीतरी त्यांच्या मेलमध्ये घुसून मधल्यामध्ये खोटं बिल धाडलं होतं.

शालूताईंनी बिल माझ्यासमोर धरलं. “मॅडम, तुम्ही तं सगळं बरोबर आहे म्हणून राहिल्या होत्या!”

“बरोबरच होतं ताई,” मी म्हणाले. मी एकेक आकडा तपासला होता आणि एकही खोटा नव्हता. फक्त खातं चोराचं होतं. साहेबांची प्रत्येक शंका चुकीची होती, आणि त्या चुकीच्या शंकांनीच ताईंच्या प्लॉटचे पैसे वाचवले. हे मला आजही नीट पचलेलं नाही.

पुढे खरं बिल आलं, पैसे गेले, मशीन कुहीला पोचलं. शालूताई पाच किलो तांदूळ घेऊन आल्या आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. मला वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू?

तेव्हापासून माझ्या काउंटरवर कोणी परदेशी बिल आणलं, की आधी फोन, तोही बिलावर नसलेल्या नंबरवर. आयबॅन बरोबर असला की पैसे नक्की पोचतात. कोणाकडे, ते आयबॅन सांगत नाही.